खड्ड्यातलं केंद्रक

"मॅडम, मी मरतो कधी?"

गुरुदास पुठ्ठ्याचा लाल विळा छातीशी धरून माझ्यासमोर उभा होता. नववी ब मधला, उंचीने माझ्याएवढा, आवाज नुकताच फुटलेला.

"गुरुदास, तू रक्तातली लाल पेशी आहेस," मी म्हटलं. "तुझा आकार बिघडून विळ्यासारखा होतो, तू बारीक रक्तवाहिनीत अडकतोस, आणि ज्याच्या अंगात तू आहेस त्याला दुखतं. एवढंच काम आहे तुझं."

"ते समजलं मॅडम. पण मरतो का नाही?"

"मरतोस. चांगल्या पेशीपेक्षा लवकर मरतोस."

त्याचा चेहरा उजळला. "मग गाणं म्हणून मरू का डायलॉग म्हणून?"

यात त्या पोराची काही चूक नव्हती. मी वर्ध्याची, लग्न होऊन वडस्यापलीकडच्या या गावात आलेली. इथे आल्यावर मला कळलं की धान घरात आलं की इथल्या माणसांना नाटकाशिवाय दुसरं काही सुचत नाही. गावोगावी मांडव पडतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, आणि नाटक पाहता पाहता अर्ध्या गावाची लग्नं जुळतात. हिरो, व्हिलन सगळ्यांना ठाऊक, पण पोट्ट्यांना खरा मान कशाचा, तर मरायच्या रोलचा. माझ्या नाटकात ग्लुटामिक आम्ल झालेली मुलगीसुद्धा विचारून गेली होती की तिला मरता येईल का.

आणि माझे सासरे, उरकुडाजी मेंढे, या नाटकांतले प्रॉम्प्टर. साधेसुधे नाही, वडस्याच्या बाजारपेठेत नाटक कंपन्यांचे मालक त्यांच्यासाठी भांडत. इथली पद्धतच तशी आहे. नट चार दिशांहून ऐन वेळी येतात, तालीम म्हणाल तर नावाला. स्टेजच्या तोंडाशी एक खड्डा असतो, त्यात प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसतो. तो एक वाक्य देतो, नट ते उचलतो आणि हात उंचावून हजार माणसांत फेकतो. आपण काय बोललो हे कित्येकदा नटाला बोलून झाल्यावर कळतं, पण बोलतो असा की बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात.

मामाजींची ही सवय घरातही सुटत नसे. मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी हेमराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "पुढे काय विचार आहे?" हेमराजने तोंड उघडायच्या आत शेजारून हलक्या आवाजात आलं, "बी.एड. करून शिक्षक व्हायचा विचार हाय." आणि हेमराज म्हणाला, "बी.एड. करून शिक्षक व्हायचा विचार आहे." माझ्या वडिलांना वाटलं, बापलेक किती एकविचाराचे!

त्या दिवशी मी एकच अट घातली होती. दोघांची सिकलसेलची तपासणी. जीवशास्त्र शिकलेली मी, या भागात हा आजार किती आहे ते मला माहीत होतं. मी नॉर्मल निघाले, हेमराज वाहक. मी सांगितलं की काही बिघडत नाही. वाहकाला स्वतःला बहुधा त्रास नसतो, दोघांपैकी एकच वाहक असला तर मुलाला हा आजार होत नाही. लग्न झालं. पण मामाजींनी तो रिपोर्ट कपाटात अगदी खाली घातला आणि सगळ्यांना बजावलं, "हे घराबाहेर जाऊ नये."

आता दोन वर्षांनी चेतनाचं, माझ्या नणंदेचं, लग्न जुळत आलं होतं. पोरगा चांगला होता, बँकेत होता. माणसंही चांगली. मी जेवायच्या वेळी विषय काढला.

"मामाजी, चेतनाची आणि पोराची तपासणी करून घेऊ. भाऊ वाहक आहे म्हणजे तीही असू शकते. आणि दोघं वाहक निघाले तर प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एकाची भीती."

मामाजींनी घास ताटात ठेवला. "म्हणजे मी सोयऱ्यांच्या घरी जाऊन सांगू का माझ्या पोरीच्या रक्तात खोट हाय म्हणून?"

"खोट नाही हो. नुसती तपासणी."

"तपासणी म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे खोट. गाव काय म्हणते? मेंढ्याच्या रक्तातच काही हाय. आधी बापानं काय पाप केलं ते विचारते गाव! नाही म्हणजे नाही."

आत्याबाई, माझ्या सासूबाई, भाताचं भांडं घेऊन आल्या आणि वाढून गेल्या. हेमराज वरण पाहत बसला. घरात एवढी माणसं, पण या विषयावर मामाजींच्या तोंडून आल्याशिवाय कोणाच्या तोंडून शब्द फुटत नसे.

चेतना माझ्यामागे मागच्या अंगणात आली. आमच्या बोळीत एक लेकरू होतं, हिवाळ्यात त्याचे हातपाय असे दुखत की त्याचं रडणं आमच्या घरात ऐकू यायचं. चेतना रोज जाऊन त्याचे पाय शेकून द्यायची. ती मला म्हणाली, "वहिनी, बाबांच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. पण न पाहता लग्न करायचंही मले भेव वाटते. तुम्हीच काही करा."

काय करणार, कपाळ! घरात माझं काही चालत नव्हतं. मग मी ठरवलं, घरात नाही तर स्टेजवर. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर होतं आणि विज्ञानाचं नाटक बसवायचं काम माझ्याकडे होतं. त्याच आठवड्यात सोयरे गावात मुक्कामाला येणार होते, संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी लग्नाची तारीख काढायची होती. दोन्ही घरं पहिल्या रांगेत बसतील. पेशीत प्रोटीन कसं तयार होतं आणि एका चुकीने सिकलसेल कसा होतो, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवायचं. रिपोर्टवर विश्वास नसेल, पण नाटकावर तर आहे ना!

पहिल्याच तालमीला पोट्ट्यांनी संप केला.

"प्रॉम्प्टर कोण हाय?" दुर्गा उईकेने विचारलं. दुर्गाचा आवाज असा की तिने वर्गात 'हजर' म्हटलं की शेजारच्या वर्गातली मुलं चूप होत.

"प्रॉम्प्टर कशाला? पाठ करा."

"पाठ?" दुर्गा अशी पाहायला लागली जणू मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितलं. "मॅडम, पाठ करून कोण नाटक करते जी?"

शेवटी मामाजींना सांगावं लागलं. मला वाटलं होतं विषय पाहून ते नाही म्हणतील. पण शाळेत प्रॉम्प्टर पाहिजे म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुस्तक आणा."

त्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर, त्याच्याजवळ सगळं नाटक, आणि ते पुस्तक खड्ड्याबाहेर कधीच येत नाही. अहो, हेच तर केंद्रक! पेशीचं सगळं लिखाण केंद्रकात असतं, डीएनएमध्ये. ते बाहेर पडत नाही. जे प्रोटीन पाहिजे तेवढ्यापुरती त्याची नक्कल होते आणि ती नक्कल बाहेर जाते. मी खड्ड्यावर हिरवी मच्छरदाणी ताणायचं ठरवलं, तिला एक भोक ठेवलं. झालं केंद्रक.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना कामं समजावली. पल्लवी म्हणजे बाहेर जाणारी ती नक्कल, निरोप्या. कबड्डीत तिला कोणी पकडू शकत नसे, म्हणून तिला घेतलं. तिने मच्छरदाणीच्या भोकाशी कान लावायचा, आत प्रॉम्प्टर जे सांगेल ते ऐकायचं, स्टेजभर धावत जाऊन रायबोसोमच्या कानात सांगायचं. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रोटीन जोडणारा कारखाना, आणि ती दुर्गा. तिने ते मोठ्याने म्हणायचं. म्हटलं की त्या नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एक मणी, विंगेतून यायचं आणि आधीच्या आम्लाचा हात धरून उभं राहायचं. अशी साखळी वाढत गेली की झालं हिमोग्लोबिन.

"मी मधात काही बोलू शकतो का?" दुर्गाने विचारलं. मुली इथे बिनधास्त 'बोलतो, जातो' म्हणतात.

"अजिबात नाही. आणि पल्लवी, तूही डोकं लावायचं नाही. खड्ड्यातून जे येईल ते जसंच्या तसं न्यायचं. बरोबर का चूक, ते तुझं काम नाही. पेशीतही असंच असतं. निरोप्या विचार करत नाही, रायबोसोम विचार करत नाही. वरून जे आलं ते बनतं."

"हौ मॅडम," दोघी म्हणाल्या. आणि खरं सांगते, त्या दोघींइतकी शिस्त मी नंतर एकाही वर्गात पाहिली नाही.

मामाजी तर रंगून गेले. आम्लांची नावं त्यांनी अशी तोंडात बसवली की ऐकत राहावं. "व्हॅलिन! हिस्टिडिन! ल्युसिन! थ्रिओनिन! प्रोलिन! ग्लुटामिक!" गावातली माणसं तालीम पाहायला येऊन बसत आणि विचारत, हे कोणत्या देशाचे राजे हाय? मामाजींना केंद्रक म्हणजे काय हे मला समजावूनही सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे माझंच काम. आत बसायचं, दिसायचं नाही, आणि सगळं आपल्याकडून जायचं." आणि खूश होऊन खांद्यावरचा दुपट्टा झटकला.

अडलं ते सहाव्या जागी.

नाटकाच्या दुसऱ्या भागात केंद्रकातूनच चूक जायची होती. सहाव्या जागी ग्लुटामिकऐवजी व्हॅलिन. एवढा एकच फरक, आणि हिमोग्लोबिन बिघडतं, लाल पेशी विळा होते, गुरुदास येतो. मामाजी तिथपर्यंत आले, थांबले, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ग्लुटामिक."

"मामाजी, इथे व्हॅलिन आहे."

"चुकलं हाय तुमचं. वरती सहावा ग्लुटामिक हाय."

"वरती बरोबर आहे. इथे मुद्दाम चूक आहे. तीच तर गंमत आहे नाटकाची."

"सूनबाई," मामाजी खड्ड्यातून मान वर करून म्हणाले, "इतकी वर्षं झाली, मी स्टेजवर एक चुकीचा शब्द दिला नाही. हिरोनं दारू पिऊन येऊन मधातच दुसऱ्या नाटकाचा डायलॉग म्हटला, त्यालेसुद्धा मी हात धरून आपल्या नाटकात आणलं. आता म्हातारपणी माझ्या तोंडून चूक जायची?"

पुढच्या तालमीत पुन्हा ग्लुटामिक. त्याच्या पुढच्या तालमीत पुन्हा ग्लुटामिक. गुरुदास विंगेत विळा घेऊन उभा राहायचा आणि रायबोसोम त्याला येऊच द्यायचा नाही. शेवटी मी हात जोडले, "मामाजी, नाटकाच्या दिवशी तरी..."

"पाहू," मामाजी म्हणाले. आणि आमच्या घरात 'पाहू' म्हणजे काय, ते मला दोन वर्षांत चांगलं कळलं होतं.

संमेलनाच्या दिवशी दुपारीच मैदान भरलं. गुरुदासच्या आईने तिन्ही मावश्यांना मुद्दाम बोलावलं होतं, पोरगा मरणार म्हणून. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर सोयरे बसले होते. होणारे व्याही सुखदेवजी, त्यांच्या मंडळी, आणि नवरदेव पोरगा, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या शेजारी आत्याबाई, हेमराज आणि चेतना. चेतनाने हातात रुमाल इतका पिळला होता की तो पुन्हा सरळ होईल असं वाटत नव्हतं. मी विंगेत, आणि मामाजी मच्छरदाणीत.

पहिला भाग झोकात झाला. पल्लवी धावली, दुर्गा गरजली, आम्लं एकेक करून आली. हिमोग्लोबिन तयार झाल्यावर शिट्ट्या पडल्या. सुखदेवजी मान हलवत होते. मला वाटलं, देवा, आता फक्त एक शब्द. एकच शब्द!

दुसरा भाग सुरू झाला. व्हॅलिन आला. हिस्टिडिन आला. ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन. पल्लवी भोकाशी गेली, कान लावला, धावत दुर्गाकडे आली.

"ग्लुटामिक!" दुर्गाने आरोळी ठोकली.

ग्लुटामिक झालेली मुलगी बिचारी गोंधळली, पण आली आणि हात धरून उभी राहिली. पुन्हा चांगलंच हिमोग्लोबिन तयार झालं. विंगेत गुरुदास माझ्या तोंडाकडे पाहायला लागला.

"मॅडम, मी?"

"थांब."

"मावशी आली हाय मॅडम!"

मी पल्लवीला खूण केली, पुन्हा जा. ती गेली, ऐकलं, आली. "ग्लुटामिक!" आता दुसरी ग्लुटामिक कुठून आणायची? पहिलीच बिचारी सुटून पुन्हा आली. लोक हसायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, विळा आणा ना! पोस्टरवर विळा हाय!" गुरुदासच्या आईने उभं राहून हात हलवला.

माझा संयम सुटला. मी विंगेतून निघाले, पडद्याच्या पुढून वाकत वाकत खड्ड्याशी गेले आणि मच्छरदाणीला तोंड लावलं.

"मामाजी, वाचा ना! व्हॅलिन!"

आत पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"मामाजी, तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते वाचा. एवढंच."

"मले समजत नाही का सूनबाई, हे नाटक कोणासाठी हाय ते?" त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला तो ओळखू आला नाही. मामाजींना मी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. प्रॉम्प्ट देतानाही त्यांचा आवाज सातव्या रांगेपर्यंत जायचा. "मी मूर्ख नाही. तो विळा कोणाच्या घरातला हाय मले माहीत हाय. माझ्याच पोराच्या रक्तात हाय. अन पोरीचं पाहाले मले भेव लागते बाप्पा. निघालं तर मी काय करू?"

इतके दिवस मी समजत होते की म्हातारा हट्टी आहे, त्याला इज्जत प्यारी आहे. तो घाबरला होता, हो. पोरीसाठी घाबरला होता. मी मच्छरदाणीखालून हात आत घालू का, असं मनात येत होतं, तेवढ्यात मला जाणवलं की माझ्या शेजारी कोणीतरी आहे.

पल्लवी. भोकाला कान लावून.

"पल्लवी, नाही!" मी म्हटलं. पण पल्लवीला कबड्डीत तरी कोणी पकडलं होतं का? ती स्टेजवर पोचलीसुद्धा होती. दुर्गाने मान वाकवून ऐकलं. एक क्षण ती थबकली, आणि मी देवाला हात जोडले की हिने आज तरी डोकं लावावं. पण मीच तर बजावलं होतं.

दुर्गाने एक पाय पुढे टाकला, छातीवर हात ठेवला, मान वर केली, आणि कंपनीच्या हिरोइनीला लाज वाटेल अशा आवाजात अख्ख्या मैदानाला ऐकवलं:

"मी मूर्ख नाही! तो विळा कोणाच्या घरातला हाय, मले माहीत हाय! माझ्याच पोराच्या रक्तात हाय! अन पोरीचं पाहाले मले... भेव लागते बाप्पा! निघालं तर मी काय करू?"

आणि मग, भारी डायलॉग दोनदा म्हणायचा असतो म्हणून, फिरून दुसऱ्या बाजूला तोंड करून पुन्हा एकदा म्हटलं.

टाळ्या! अशा टाळ्या त्या मैदानावर मी पुन्हा ऐकल्या नाहीत. मागच्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मग हळूहळू टाळ्या कमी झाल्या. या गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, स्टेजवरचा शब्द स्टेजवरच्या माणसाचा नसतो. चौदा वर्षांच्या दुर्गाला कुठला पोरगा अन कुठली पोरगी? एकेक मान खड्ड्याकडे वळली. सुखदेवजींचीही वळली.

मच्छरदाणी हलली आणि मामाजी बाहेर आले. इतक्या वर्षांत गावाने त्यांना नाटक चालू असताना खड्ड्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. पुस्तक हातात, चष्मा कपाळावर. ते पहिल्या रांगेकडे पाहत उभे राहिले. चेतना रडत होती. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खड्ड्यात उतरले, मच्छरदाणी ओढून घेतली, आणि सातव्या रांगेपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "सहावा. व्हॅलिन."

पल्लवी धावली. "व्हॅलिन!" दुर्गा म्हणाली. ग्लुटामिक मागे सरली, व्हॅलिन पुढे आला, साखळी वाकडी झाली, आणि गुरुदास एकदाचा स्टेजवर आला. तो गाणं म्हणून मेला. मग वन्स मोअर आला म्हणून डायलॉग म्हणून मेला. तिसऱ्यांदा मरताना मला पडदा पाडावा लागला. त्याच्या मावश्या धन्य झाल्या.

मी पाहिलं तर सुखदेवजींची खुर्ची रिकामी होती. सगळीच मंडळी उठून गेली होती.

घरी कोणी जेवलं नाही. वाड्यातल्या ओसरीवर सोयऱ्यांसाठी मांडलेले पाट तसेच होते. आत्याबाई चुलीशी बसल्या होत्या. मला वाटत होतं, मामाजी आता मला काय बोलतील ते बोलोत. चेतनाचं लग्न मी मोडलं होतं.

मामाजी आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "त्या उईक्याच्या पोरीनं एक शब्द सोडला नाही. एकही नाही. मोठी नटी होईल." मग चेतनाकडे वळून म्हणाले, "सकाळी तयार राहा. दवाखान्यात जायचं हाय. मी बी देतो रक्त, तू बी दे."

दवाखान्यात नर्सबाईंनी सुई पुढे केल्यावर चेतना हसली आणि मामाजींनी डोळे मिटले. रिपोर्ट यायला वेळ लागला. तेवढे दिवस मामाजी घरात बोललेच नाहीत. हेमराजला कोणी काही विचारलं तर तो सवयीने त्यांच्याकडे पाहायचा, आणि काही आलं नाही की स्वतःच काहीतरी बोलायचा. बरं बोलायचा, मला आश्चर्य वाटलं.

मग रिपोर्ट आले. मामाजी वाहक होते. चेतना नॉर्मल.

चेतनाने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि माझ्या गळ्यात पडून रडली. आत्याबाईंनी देवाजवळ दिवा लावला. पण मामाजी खूश होईनात. "आता रिपोर्ट चांगला आला तर काय," ते म्हणाले, "सोयरीक तर गेली. तोंडच राहिलं नाही मले त्यांच्या घरी जायले."

आणि दुसऱ्या दिवशी सुखदेवजी स्वतः दारात उभे. एकटेच. टोपी हातात. आम्ही सगळे धसकलो. चेतना स्वयंपाकघराच्या दाराआड गेली. मी खुर्ची दिली, त्यावर ते बसले नाहीत, खाली सतरंजीवर बसले, आणि बराच वेळ बोटाने सतरंजीचा धागा ओढत राहिले.

"मी त्या दिवशी उठून गेलो," ते म्हणाले. "तुम्हाले वाटलं असेल, रागानं. रागानं नाही जी. माझी एक बहीण होती. लहानपणीच गेली. हातपाय दुखायचे तिचे. आम्ही आजवर कोणाले सांगितलं नाही, म्हणायचो तापानं गेली. त्या पोरीनं स्टेजवरून म्हटलं ना, तेव्हा मले वाटलं ती माझंच बोलून राहिली." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मामाजींपुढे ठेवला. "आम्ही बी तपासून आलो. मी वाहक हाय. पोरगा बी वाहक हाय. तुम्ही नाही म्हटलं तर तुमचा हक्क हाय. मीच दिलं त्याले."

मामाजींनी कागद उचलला नाही. माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई?"

"चेतना नॉर्मल आहे," मी म्हटलं. "एकच वाहक असला तर लेकरांना आजार होत नाही. पुढे कोणी वाहक निघालं तर त्याच्या लग्नाच्या वेळी पुन्हा पाहायचं, बस."

दाराआडून चेतना म्हणाली, "मले चालते." इतक्या घाईने म्हणाली की आत्याबाईंच्या हातातून वाटी पडली.

पण सुखदेवजींची मान वर होईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी सतरंजीवर पडत होतं. "मीच दिलं हो," ते पुन्हा म्हणाले. "बापानं काय पाप केलं म्हणून पोराले..."

मामाजी उठले आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"तुम्ही लिहिलं का ते, सुखदेवजी?" ते म्हणाले. "तुमच्या बापाकडून तुमच्या हाती जसं आलं तसं तुम्ही वाचलं. म्यां बी तेच केलं. वाचणाऱ्याले कोणी पापी म्हणते का? मान वर करा आता. तारीख काढायची हाय."